मामाचा रुसवा, भाच्याचा घास

बाळंतपणाच्या गोष्टी सांगा, असं मला सगळे म्हणतात. नर्सबाई म्हटलं की लोकांना बैलगाडीत झालेलं बाळंतपण, पुरात अडकलेली बाळंतीण, असलंच काहीतरी हवं असतं. तेही झालं माझ्या हातून. पण खरं सांगू का, मूल बाहेर येणं हे बरंचसं निसर्गाचं काम. आपण हात धुऊन तयार राहायचं. माझी खरी दमछाक व्हायची ती त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, त्याच मुलाच्या तोंडात पहिला घास जाताना. तिथं निसर्ग मदतीला येत नाही. तिथं आजी आडवी येते.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच-सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. पुढं दूध हवंच, पण सोबत काहीतरी वरचं लागतं. ज्वारीच्या कण्या शिजवून मऊ केलेल्या, मुगाचं वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, वर तेलाचे किंवा तुपाचे दोन थेंब. आधी दोन चमचे, मग वाटी. एवढंच शास्त्र. ते मिळालं नाही तर बाळ हसतं, खेळतं, दिसायला बरं दिसतं, पण वजन वाढायचं थांबतं. आईला ते कळत नाही, आजीला पटत नाही. कळतं फक्त काट्याला. माझ्याकडे घड्याळासारखा गोल ताणकाटा होता. तो लिंबाच्या फांदीला टांगायचा, खालच्या हुकाला झोळी, झोळीत बाळ. बाळ किंचाळायचं, काटा हलायचा, आणि मी आकडा कार्डावर टिपायची.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पुस्तकातल्यासारखं बोलत असे. बायांना पारावर गोळा करून सांगितलं, "पाचव्या महिन्यानंतर बाळाला पूरक आहार सुरू करा." बायांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात एका घरी गेले तर सहा महिन्यांच्या पोरीच्या गालाला, नाकाला, पार भुवयांपर्यंत पिवळंधमक काहीतरी माखलेलं. आई कौतुकानं म्हणाली, "तुमी सांगितलं तसं पुरण चारायलेय बाई. पर रोजरोज डाळ-गूळ शिजवायला लय टाइम जायलाय." त्या दिवसापासून 'पूरक' हा शब्द मी पुन्हा तोंडातून काढला नाही. 'वरचं खाणं' म्हणू लागले.

माझं उपकेंद्र पूर्णेच्या काठच्या एका गावात होतं. भाड्याची एक खोली, एक टेबल, औषधांचं कपाट. मागच्या अर्ध्या भागात माझी चूल. आम्ही बौद्ध. ही बातमी माझी पेटी एसटीतून उतरायच्या आधी गावात पोचली होती. लोक वाईट नव्हते. सुई टोचून घ्यायला यायचे, गोळ्या न्यायचे, बाळंतपणाला गाडी जुंपून न्यायला यायचे. फक्त माझ्या हातचं पाणी आणि अन्न चालत नव्हतं. एकदा मी गयामायला विचारलंच, "सुई चालते, गोळी चालते, मग कण्या का नाही?" ती बिनदिक्कत म्हणाली, "गोळी कागदात गुंडाळलेली असती की!"

ही गयामाय म्हणजे गावातली जुनीजाणती बाई. चार बैलांची शेती, मोठा वट्टा, आणि त्याहून मोठा आवाज. घरात तिचा नवरा, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि सून सुमन. मुलगा मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तो रविवारी यायचा. सुमनचं पहिलं बाळंतपण मीच केलं. मुलगा झाला, दत्ता. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत. सहाव्या महिन्यात काटा सहा किलोवर आला आणि तिथंच थांबला. सातव्या महिन्यात सहा. आठव्यातही सहा.

"गयामाय, आता याला वरचं खाणं सुरू करा. फार दिवस काढलेत."

"करायचंच हाय की. पर मामानं उष्टावल्याबिगर आमच्यात लेकराच्या तोंडात दाणा जात न्हाई. आन मामा रुसलाय."

"दुसऱ्या कुणी पहिला घास घातला तर?"

"लेकरू जलमभर खादाड ऱ्हातंय, न्हाईतर मुकं ऱ्हातंय."

"दोन्हींतलं काय?"

"ते ज्याच्या त्याच्या नशिबावर हाय," गयामाय म्हणाली आणि दत्ताला उचलून आत गेली.

मामा का रुसला ते सुमननं सांगितलं. तिच्या लग्नात तिच्या भावानं, किसनरावनं, आबांना आहेर म्हणून एक भारी टॉवेल दिला होता. त्याच्या बायकोनं कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं 'कि' हे अक्षर काढलेलं. टॉवेल पेटीत पडून राहिला. पुढं दत्ताच्या बारशाला मामाला आहेर करायची वेळ आली तेव्हा घाईत गयामायनं पेटीतला वरचा टॉवेल काढला आणि टोपीसकट त्याच्या हातात ठेवला. मामानं घडी उलगडली. सगळ्यांसमोर कोपऱ्यातला 'कि' बाहेर आला. मामा न जेवता उठला, तो थेट येलदरीला, धरणावर कामाला होता तिथं, निघून गेला.

मी त्याला पोस्टकार्ड टाकलं: "भाच्याचं वजन तीन महिन्यांपासून वाढलेलं नाही. उष्टावणासाठी त्वरित यावे." आठ दिवसांनी उत्तर आलं: "आपण सरकारी आहात, आपला आदर आहे. परंतु आमंत्रण ज्यांनी द्यायचे त्यांनी दिलेले नाही." मी ते गयामायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमी पोराकडचे. आमी कामून वाकावं?" एका टॉवेलाची दोन टोकं दोन माणसं ताणत बसलेली आणि मधल्या झोळीत दत्ता, सहा किलोचा.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा तापायचा, निवायचा, पुन्हा तापायचा. त्याच महिन्यात पुन्हा तापला. एसटी बंद झाल्या. वेगवेगळ्या गावांच्या खबरा यायला लागल्या, आणि त्यातली एकही चांगली नव्हती. पोलीस पाटील येऊन सांगून गेले, "बाई, दोन-चार दिवस वस्त्यांवर हिंडू नका. दार लावून ऱ्हावा." मी दार लावून बसले. रजिस्टर उघडलं, पण एक ओळ लिहवली नाही. बाहेर कुणाच्या पावलांचा आवाज आला की उठून कडी पुन्हा तपासायची.

दुपारी दारावर काठी आपटली. उघडलं तर गयामाय, कडेवर दत्ता.

"ह्याला शिंक आलीया."

"एक?"

"एकच आली. पर मोठी व्हती."

मी दत्ताला तपासलं. ठणठणीत होता. गयामायनं त्याला मांडीवर घेतलं आणि माझ्या उंबऱ्यावर, दाराच्या बरोब्बर मधोमध, फतकल मारून बसली. रस्त्यानं चारसहा पोरं घोळक्यानं आली. तिनं त्यांना एकेकाला बापाच्या नावासकट हाक मारली, कुणाचा बैल लंगडतोय, कुणाची आजी आजारी आहे ते मोठ्यानं विचारलं. पोरं उत्तरं देऊन, खाली मान घालून पुढं गेली. दिवस कलेपर्यंत ती तशीच बसून होती. मी पाणी विचारलं. "तहान न्हाई," म्हणाली. ऊन मी म्हणत होतं, तिचे ओठ सुकले होते, मला दिसत होतं. तिनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही आणि ती तिथून उठलीही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या. मला तेव्हा त्याचा मेळ लागला नाही. आजही पुरता लागलेला नाही.

उठायच्या आधी ती म्हणाली, "बाई, एक इचारायचं व्हतं. माझ्या माहेरची एकजण हाय. तिच्या नातवाचं उष्टावण झालं न्हाई, पर तिला गुपचूप काही चारायचंच असलं, तर कशापासून धरावं?"

मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. कण्या मऊ शिजवाव्यात, हात साबणानं धुवावेत, बोटावर घेऊन थोडं थोडं चारावं, दिवसातून एकदा सुरुवात करावी. गयामाय एकेक गोष्ट पुटपुटत घोकत होती. "बरं, सांगते तिला," म्हणाली आणि काठी टेकत गेली.

वातावरण निवळलं, गाड्या सुरू झाल्या, मी पुन्हा हिंडायला लागले. नदीवर सुमन धुणं धूत होती. इकडंतिकडं बघत जवळ आली.

"बाई, माझ्या शेजारणीला इचारायचं व्हतं. तिची सासू लेकराला काहीच चारू देईना. तिनं चोरून चारलं तर पाप लागंल का?"

"शेजारणीला म्हणावं, बाळ उपाशी ठेवलं तर जास्त लागेल." मी तिलाही सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "सासूला कळलं तर शेजारणीला माहेरी धाडतील वो," एवढं बोलून ती पिळे पिळायला लागली.

तिसऱ्या दिवशी आबा आले. हा माणूस वर्षभरात माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता. दवाखान्याच्या दारात उभं राहून, टोपी काढून पुन्हा घालून, शेवटी म्हणाले, "एका वासराबद्दल इचारायचं व्हतं."

"आबा, मी माणसांची नर्स आहे."

"ठावं हाय. पर वासरू बारीक झालंय. दात न्हाईत. भाकर दुधात कुस्करून दिली तर चालंल का?"

"किती महिन्यांचं आहे?"

"नववा लागलाय."

"चालेल. चांगली मऊ कुस्करा, गुठळी राहू देऊ नका. घशात अडकायला नको."

"बरं." जाता जाता वळून त्यांनी विचारलं, "गूळ आवडतो त्याला. थोडा घालावा का?"

"थोडासा घाला," मी म्हणाले, "दत्ताला झेपेल एवढाच."

आबांनी मान डोलावली आणि दहा पावलं गेल्यावर मध्येच थबकले. मागं मात्र वळले नाहीत.

पुढच्या महिन्यात दत्ताला झोळीत घातलं आणि काटा सरळ सातच्या जवळ गेला. मला काट्याचाच संशय आला. किराणा दुकानातून दोन किलोचं माप आणून टांगलं, काटा बरोबर दोनवर थांबला. गयामाय वर आभाळाकडं बघत म्हणाली, "नुसत्या दुधावर किती वाढलंय बघा लेकरू! सुमनच्या दुधालाच कस हाय." सासूनं सुनेचं कौतुक केलेलं मी त्या घरात प्रथमच ऐकत होते. सुमन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. आबा गोठ्यात होते.

चार दिवसांनी तिघंही धावत आले. दत्ताला जुलाब लागले होते. मी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं, दोन दिवस लक्ष ठेवलं, पोरगं सावरलं. पण माझ्या डोक्यात उजेड पडला होता. आजी दुपारी चारत होती, आई चारत होती, आजोबा गोठ्यात नेऊन चारत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की घरातला चोर आपण एकटाच. दत्ताला बोलता येत नव्हतं, आणि त्याची तक्रारही नव्हती.

आता यांना सांगायचं कसं? एकाचं गुपित दुसऱ्याला सांगितलं असतं तर सगळा राग सुमनवर निघाला असता. सून पहिली चोर ठरते, सासूनं चोरी केली असली तरी. मग मी तिघांना वेगवेगळं गाठलं. सुमनला म्हणाले, "शेजारणीला सांग, फक्त सकाळी चारायचं." गयामायला म्हणाले, "तुमच्या माहेरच्या बाईला निरोप द्या, फक्त दुपारी." आणि आबांना म्हणाले, "वासराला संध्याकाळचं एकदाच, आणि गूळ बंद." सरकारी नोकरीत इतकं काटेकोर वेळापत्रक मी पुन्हा कधी केलं नाही आणि कुणी पाळलंही नाही.

पण हे किती दिवस चालणार? दत्ता आता रांगायला लागला होता. कुणी भाकरी मोडली की आ वासून तिकडं सुटायचा. ज्या पोरानं अन्न कधी चाखलंच नाही त्याला हे कसं कळतं, असं रविवारी त्याचा बाप विचारायला लागला. एक दिवस हे उघडं पडणार होतं. म्हणून मीच एसटीनं येलदरीला गेले.

किसनराव धरणाच्या वसाहतीत राहायचा. त्याच्या बायकोनं चहा दिला, सगळ्यांना दिला तसल्याच कपात. तिथं गावोगावचे लोक राहत, हे प्रकार जरा कमी होते. मी बोलायला तोंड उघडायच्या आत त्यानं ट्रंक उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला टॉवेल माझ्यापुढं ठेवला.

"हा पुरावा हाय बाई. बघा. अजून वापरलेला न्हाई."

"टॉवेल चांगला आहे पण."

"चांगला हायच! मीच पसंत केलेला!" त्याचा आवाज चढला. "त्येच तर दुखणं हाय!"

मी त्याला वजनाचं सांगितलं, कार्ड दाखवलं. तो विरघळला, पण मान आडवा येत होता. शेवटी मी चहाचा कप खाली ठेवला आणि आयुष्यातलं एक नीटस खोटं बोलले. "ठीक आहे. मग गंगाखेडच्या चुलत मामालाच बोलवायचं म्हणताहेत. कुणी का असेना, मामा असल्याशी कारण."

किसनराव ताडकन उभा राहिला. "त्यो? त्याला सोताची लेकरं कोणती ते वळखू येत न्हाईत, त्यो माझ्या भाच्याला उष्टावणार?" बायको आतून म्हणाली, "मी म्हनतच व्हते, जावा म्हून." त्यानं एकच अट घातली, आबांनी वेशीपर्यंत न्यायला यावं. मला वाटलं, आता पुन्हा घोळ. पण गावात येऊन सांगितलं तर आबा गयामायला न विचारता म्हणाले, "येशीपर्यंत कामून? फाट्यापर्यंत जातो." बिचाऱ्यांना वासराच्या पापातून लवकर सुटायचं होतं.

उष्टावण थाटात झालं. मामा चांदीची वाटी घेऊन आला. आबांनी त्याला नवा कोरा फेटा बांधला. मामानं तो बांधून घ्यायच्या आधी चारी कोपरे उलटून पाहिले. मला वट्ट्याच्या कडेला बसवलं होतं, चार माणसांपासून हातभर अंतरावर. मी तशी बसले. ते मला लागलं नाही असं म्हणणार नाही. त्या दिवशी मी त्यावर एक शब्द बोलायला हवा होता, असं पुढं अनेकदा वाटलं.

मामानं दत्ताला मांडीवर घेतलं. सगळे श्वास रोखून. अकरा महिन्यांच्या, कधीही अन्न न चाखलेल्या बाळाच्या तोंडाला खिरीचा पहिला घास लागणार होता. बाळ तोंड फिरवेल, थुंकेल, रडेल, मग सगळे हसतील, अशी रीत. पण मामाचा हात वाटीतून वर यायच्या आत दत्तानं जबडा पसरला. मामानं घास घातला. दत्तानं तो सराईतासारखा गिळला आणि मामाचं मनगट धरून पुन्हा वाटीत घातलं. वाटी संपली. मग तो मांडीवरून उतरला आणि थेट पंगतीतल्या भाकरीकडे निघाला.

"बघा!" मामा गर्जला. "माझ्या हाताला चव हाय! पयल्याच घासाला लेकरू कसं लागलं बघा!"

गयामायनं सुमनकडं पाहिलं. सुमननं सासऱ्याकडं पाहिलं. आबांनी गोठ्याकडं पाहिलं. तिघांच्याही चेहऱ्यावर एकाच वेळी काहीतरी उमटलं आणि तिघांनीही ते एकाच वेळी पुसलं. "मामाचा हातगुण," गयामाय ठासून म्हणाली, आणि तो विषय त्या घरात कायमचा मिटला. पुढं पाचपन्नास कोसांतून लोक किसनरावला उष्टावणासाठी बोलवायला लागले. माझ्या वाट्याला कार्ड.

पुढच्या आठवड्यात वजन घ्यायला गेले. घरात फक्त गयामाय आणि दत्ता. वजन झालं. गयामायनं आतून कण्यांची वाटी आणली, माझ्यासमोर ठेवली, पोरगं माझ्या मांडीत दिलं आणि बादली देऊन म्हणाली, "हात धुवा. मला भाकरी थापायच्यात. तेवढं चारा ह्याला." माझ्याकडं न बघता ती चुलीकडं गेली. बघायला कुणी नव्हतं. तिनं वेळ तशीच निवडली होती, हे मला कळत होतं. तरी मी हात धुतले.

किती बायांना चारायला शिकवलं होतं मी, पण त्या गावात माझ्या हातानं कुणाच्या लेकराला चारायची ती पहिलीच वेळ. मी कण्या घेतलेलं बोट सरळ त्याच्या तोंडात घातलं. दत्तानं कण्या घेतल्या आणि नव्या दोन दातांनी माझं बोट करकचून धरलं. मी ओरडले.

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.

"बोट आडवं धरा बाई," गयामाय म्हणाली. "सरळ धरलं की चावतो त्यो. लय दिवसांची सवय हाय त्याची."

मी बोट आडवं धरलं.